साखळीचा ठेका

"आणि हा ठेका आपला नाहीच असं निघालं, तर?"

मुबारकबाबांनी मान वर केली नाही. ढोलाची वादी ताणून ते गाठ मारत होते. गाठ मनासारखी बसली तेव्हा म्हणाले, "मग कुणाचा?"

"ज्यांनी आपल्या लोकांना बांधून आणलं, त्यांचा."

...

बाबांनी दुसरी वादी हातात घेतली.

आता हे विचारणारा कोण, ते आधी सांगायला हवं. त्याचं नाव सरवर. टेकडीखालच्या सिद्द्यांच्या वस्तीतला, ढोलवाल्या खमीसचा मुलगा. पुण्यात शिकला, पुढे शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेला आणि तिथेच तत्त्वज्ञान शिकवायला लागला. माणूस हुशार, शब्दाचा पक्का. पण नव्या तराजूसारखा. समोर काही आलं की आधी तोलणार, हात लावून बघणार नंतर.

आणि मुबारकबाबा म्हणजे सबरपीराच्या दर्ग्याचे फकीर. समुद्राकडे तोंड करून बसलेली टेकडी, माथ्यावर चुना दिलेला लहानसा दर्गा, समोर पाण्यात जुना किल्ला. बाबांची बोटं वयाने आखडली होती, डावा पाय ओढत चालायचा. जीभ मात्र धडधाकट होती.

एकदा दर्ग्यावर टीव्हीवाले आले होते. माईक धरून एका मुलीने मोठ्या अदबीने विचारलं, तुम्ही लोक आफ्रिकेतून कधी आलात? बाबा म्हणाले, "बाकीच्यांचं माहीत नाही. मी सकाळी मुरुडहून आलो. एसटी उशिरा होती."

वस्तीने तो किस्सा वर्षभर पुरवून पुरवून सांगितला.

सरवरला अशी थट्टा कधी जमली नाही. मुंबईत टॅक्सीवाला त्याच्याशी इंग्रजीत बोलायचा, आणि याने मराठीत उत्तर दिलं की कौतुकाने म्हणायचा, साहेब, छान शिकलात हो आमची भाषा. पॅरिसमध्ये सेनेगलची, मालीची मंडळी त्याला आपला समजून जेवायला पंगतीत ओढायची. मग हळूच विचारायची, तुझं गाव कुठलं? रायगड जिल्हा, असं म्हटल्यावर पुढे काय बोलावं ते कुणालाच सुचायचं नाही. दोन्ही दुकानांनी परत पाठवलेल्या मालासारखी त्याची गत होती. शिक्का दोन्हीकडचा, फडताळ कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी उरूस होता. संदलची मिरवणूक निघायच्या वेळी दर्ग्यापुढे ढोल वाजतो. एकच ठेका, आजे-पणजे वाजवत आले तोच. त्या ठेक्यावर बायका नवी तान्ही मुलं पीराच्या पायरीवर ठेवतात, म्हातारे डोळे मिटून डोलतात. इतकी वर्षं तो खमीस वाजवायचा. खमीस गेल्या पावसाळ्यात वारला. बाबांनीच त्याला शिकवलं होतं, पण आता बाबांची बोटं चालत नव्हती. म्हणून त्यांनी निरोप धाडला, पोराला म्हणावं, ये आणि बापाच्या जागी उभा राहा.

सरवर आला. पण तो नाही म्हणायला आला होता. आणि नुसतं आपल्यापुरतं नाही म्हणून त्याचं भागणार नव्हतं. हा ठेका यापुढे कुणीच वाजवू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

कारणही तसंच होतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका शहरात तो व्याख्यानाला गेला होता. तिथे गुलामांच्या बाजाराच्या जागी आता संग्रहालय आहे. लोखंडी कडी मांडून ठेवलेली, गळ्यात अडकवायची. दाखवणाऱ्या माणसाने आलेल्यांपैकी काहींना एकामागे एक उभं केलं, सगळ्यांच्या मानेभोवती एकच दोरी घेतली आणि बाजूला बसून ढोलावर थाप मारली. म्हणाला, आतल्या मुलुखातून समुद्रापर्यंत त्यांना असं चालवत आणायचे. ठेका पहारेकऱ्याचा. ठेक्यावर पाऊल पडलं तर ठीक. एकाचं चुकलं की पुढच्याचीही मान आवळायची, मागच्याचीही. माणसं तो ठेका कानांनी शिकली नाहीत, मानेने शिकली.

सरवर त्या रांगेत तिसरा उभा होता. दोन-तीन आवर्तनांतच त्याने तो ओळखला.

"तोच?" बाबांनी विचारलं.

"तोच."

"बाप वाजवायचा तोच?"

"झोपेतून उठवलंत तरी सांगेन, बाबा."

...

मग सरवर बोलायला लागला. तो पॅरिसमध्ये ज्याचं तत्त्वज्ञान शिकवायचा तो गेल्या शतकातला मोठा विचारवंत. त्याचं म्हणणं सरवरने सोपं करून बाबांपुढे मांडलं. सत्ता म्हणजे राजाच्या मुठीतली वस्तू नव्हे. ती कुणाच्या घरात कुलूप लावून ठेवलेली नसते. ती फिरते, माणसांमधून वाहते, त्यांच्या बसण्याउठण्यात, चालण्यात, सवयीत मुरते. लढाई संपली आणि तह झाला असं लोक समजतात, पण लढाई संपत नाही. ती आवाज बंद करून कायद्यात शिरते, रांगेत शिरते, शाळेच्या बाकावर जाऊन बसते. आणि वंश, म्हणजे हा काळा तो गोरा, हा आतला तो बाहेरचा, ही त्या लढाईची सुरी. माणसांच्या एकाच लोंढ्यातून ती सरळ रेघ मारते. रेघेच्या या बाजूचे जगवायचे. त्या बाजूचे मेले तर मरोत.

"म्हणून म्हणतो," सरवर म्हणाला, "पहारेकरी मेला, त्याचा चाबूक कुजला. पण त्याचा ठेका आपण जपून ठेवला. दरवर्षी स्वतःच वाजवतो, स्वतःच त्यावर डोलतो. त्याला आता यायची गरजच उरली नाही."

बाबा वादी ओढायचे थांबले होते. नीट ऐकत होते.

"खरं बोलतो तुझा माणूस," ते म्हणाले.

सरवर थोडा गडबडला. घासाघीस करायच्या तयारीने आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने पहिल्याच भावाला हो म्हणावं, तसं झालं. वाद घालायला म्हणून त्याने आणखी कितीतरी राखून ठेवलं होतं. आता ते ठेवायचं कुठे?

बाबांनी हनुवटीने समोरचा किल्ला दाखवला. त्यांचे उस्ताद सांगायचे म्हणे, त्या किल्ल्याच्या तटावर भाला घेऊन उभा होता तोही सिद्दी, आणि त्याच तटासाठी पाठीवरून दगड वाहणारा तोही सिद्दीच. वरचा खालच्यावर ओरडायचा. कधी कधी दोघं सख्खे भाऊसुद्धा असायचे.

"बघा, म्हणजे सत्ता..." सरवर पुढे सरकला.

"म्हणजे पाठ दुखायची, बेटा. खालच्याची. आणि वरच्याचे पाय."

सरवरला हसू आलं नाही.

"मग उद्या ढोल वाजायचा नाही," तो म्हणाला.

"नको वाजवू."

"मी नाही, कुणीच नाही."

"दुसरा येतो कुणाला? तू नाही म्हणालास की संपलंच."

हे बाबांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की जणू घरातलं मीठ संपलंय. आणि पुन्हा वादी ओढायला लागले.

"मग हे आवळताय कशाला?"

"सैल राहिलं की चामड्याला उंदीर लागतात."

...

खाली वाटेवर उरसाची दुकानं लागत होती. कुणी ताडपत्री बांधत होतं, कुणी खाज्याच्या परातीवरच्या माशा वारत होतं. वारा पडला होता. समुद्र दुपार कलतानाच्या उन्हात पितळेच्या ताटासारखा पसरला होता.

सरवरचं बोलून झालं होतं. मागितलं ते मिळालं होतं. तरी तो उठला नाही.

बाबांनी वादीची गाठ पक्की केली. मग म्हणाले, "साडेपाचची एसटी आहे. गर्दी असते उरसाची, उभ्याने जावं लागेल."

"हो."

"बसलास का मग?"

सरवर चपलेचा अंगठा बोटांनी चाचपत राहिला. वर्गात दोनशे मुलांपुढे न अडखळणारा माणूस, पण तोंड उघडलं तेव्हा आवाज लहान झाला होता.

"अम्मा मला त्याच ठेक्यावर थोपटायची," तो म्हणाला.

बाबांचे हात थांबले.

सरवरची अम्मा तो लहान असतानाच गेली होती. तिचा फोटो नव्हता. तिचा आवाज कसा होता ते त्याला आठवत नव्हतं, चेहराही इतरांच्या सांगण्यावरून जोडलेला. तिची अशी एकच गोष्ट त्याच्याजवळ उरली होती. पालथं निजल्यावर पाठीवर पडणारा तिचा तळवा. पुण्याच्या वसतिगृहात, पॅरिसच्या पोटमाळ्यावरच्या खोलीत, झोप आली नाही की तो कुशीवर वळायचा आणि स्वतःच्याच मांडीवर हळूहळू तो ठेका धरायचा. थोड्या वेळाने हात आपला वाटेनासा व्हायचा.

संग्रहालयातून परतल्यावर त्याने एकदा तसं करून पाहिलं. पाठीवर तळवा आलाच नाही. मानेभोवती कडं आलं. त्यानंतर त्याने तो ठेका कधी धरला नाही.

"सगळं डोक्याला पटतंय, बाबा. मी बोललो त्यातला शब्दही मागे घेणार नाही," तो म्हणाला. "पण माझी अम्मा तेवढ्यातच होती हो. ती मला परत पाहिजे. आणि ती त्यांच्या साखळीत आहे."

...

 ताडपत्रीच्या खुंटीवर कुणीतरी घाव घालत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला.

मग बाबांनी ढोल त्याच्यापुढे सरकवला.

"त्या माणसाने कसा वाजवला?"

सरवरने वाजवून दाखवला. सरळ, ठाशीव, एकासारखी एक थाप.

"आणि अम्मा?"

ढोलावर त्याचा हात गेला नाही. त्याने गुडघ्यावरच तळव्याने धरला. थापा त्याच होत्या. पण काही थापांनंतर हात वरच राही, हवेत, आणि मग खाली येई.

"हा वेगळा आहे," बाबा म्हणाले.

"वेगळा नाही, बाबा. तोच आहे. मूळचा सरळ असणार. इतक्या पिढ्या हातातून हातात येताना झिजला, मधे खंड पडला. कुणाचा तरी हात चुकला असेल, तीच चूक पुढच्यांनी धरली. असं होतं. मी यावर लिहिलंही आहे."

"असेल."

"तुमच्या उस्तादांनी कधी सांगितलं, तिथे का थांबायचं?"

"नाही." बाबांनी आपली आखडलेली बोटं उलटी करून पाहिली. नवं पोर ढोलाला बसलं की त्याला ती रिकामी जागा सहन होत नाही, हमखास तिथे एक जादा थाप घालून मोकळं होतं. बाबांनीही लहानपणी घातली होती. उस्तादांनी बोटांवर काठी मारली. पुढे खमीसने घातली, तेव्हा बाबांनी त्याला मारली. का, ते उस्तादांनी सांगितलं नव्हतं. बाबांनीही विचारलं नव्हतं.

"म्हणजे माहीत नसताना मारलंत?" सरवर म्हणाला.

"हो. तुझा तत्त्वज्ञ यालाच सत्ता म्हणत असेल, नाही?"

आता मात्र सरवरच्या ओठांचा कोपरा हलला.

तेवढ्यात असरच्या नमाजाची वेळ झाली. उरसाच्या माणसांनी सकाळपासून नळ ओढून ओढून कोरडा केला होता. वजू करायचं, नमाजाआधी हातपाय धुवायचे, तर पायऱ्या उतरून खालच्या विहिरीवर जायला हवं होतं. सरवर म्हणाला, तुम्ही बसा, मी कळशी भरून आणतो.

बाबा उठले. भिंतीचा आधार घेत उभे राहिले, काठी बगलेत धरून डोक्याचा हिरवा फेटा सोडला आणि त्याचं एक टोक स्वतःच्या मानेभोवती घेऊन सैलशी गाठ मारली. दुसरं टोक सरवरपुढे धरलं.

सरवर त्या टोकाकडे पाहत राहिला.

"हे काय, बाबा?"

"पाणी आणायचंय."

"असं?"



 त्याला उठून जाता आलं असतं. एसटीला वेळ होता, पिशवी शेजारीच होती. बाबांचा हात पुढे होता तसाच होता. सरवरने मान खाली घातली आणि ते टोक गळ्यात बांधून घेतलं.

दोघांच्या मधे चार हात कापड उरलं. बाबांनी कळशी त्याच्या हातात दिली आणि त्याला पुढे घातलं.

दर्ग्याच्या पहिल्याच पायरीवर बांगडीवाली नूरबी काचेच्या चुड्या दोऱ्यात ओवत बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, बकरीद होऊन गेली. हा बोकड कुठे घेऊन निघालात?"

"मी कुठे नेतोय, बाई," बाबा मागून म्हणाले. "तोच नेतोय मला."

आजूबाजूचे हसले. सरवरचे कान तापले आणि तो झपाझप चार पायऱ्या उतरला. मागून गळ्यातून खरखर आली. त्याने वळून पाहिलं. बाबांची मान पुढे ओढली गेली होती, एक हात कठड्यावर, फेट्याची गाठ घशात रुतलेली.

"काढतो मी हे," सरवर घाबरून म्हणाला.

बाबांनी नुसता हात हलवला. पुढे बघ.

तो पुन्हा निघाला, अगदी हळू. इतका हळू की आता बाबांचा गुडघा त्याच्या पोटरीवर आदळला आणि दोघंही डगमगले. पायऱ्या जुन्या, मधे झिजलेल्या. मागे वळून बघत उतरायची सोय नव्हती. बाबा दिसत नव्हते. होतं ते मानेवरचं कापड आणि मागचा आवाज. सरवरने बघायचं सोडलं आणि ऐकायला लागला.

काठी टेकायची, उजवा पाय दगडावर टेकायचा, पुन्हा काठी. आणि मग डावा. तो उचलला जात नसे. ओढला जायचा, कडेपर्यंत येऊन अडखळायचा, आणि मगच खाली उतरायचा. तेवढा वेळ थाप अशी पडत नसे.

पहिल्यांदा सरवर तिथे चुकला. दुसऱ्यांदाही, कापड ताणलं गेलं. पुढच्या वेळी त्याचा पाय आपला आपणच हवेत राहिला.

थाप, थाप, थाप. रिकामं. थाप.

पहारेकऱ्याच्या ठेक्यात ही जागा नव्हती, अम्माच्या थोपटण्यात होती. विहिरीच्या वळणापर्यंत कापड एकदाही ताणलं नाही.

सरवरचा श्वास त्या रिकाम्या जागेत थांबत होता आणि पुढच्या पावलाला सुटत होता. ढोल वर दर्ग्यात होता. वाजवत कुणीच नव्हतं. आणि त्याच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, डावीकडे, काहीतरी उबदार, थोपटल्यासारखं पडत होतं. त्याने ते काय आहे ते तोलून पाहिलं नाही. ते हरवेल म्हणून मानही वळवली नाही.

वळणाशी तो थांबला. बाबाही थांबले.

खाली विहिरीत पाणी काळंशार दिसत होतं. किल्ल्यावरून बगळ्यांचा थवा किनाऱ्याकडे परतत होता. सरवरने गळ्यातलं कापड तसंच ठेवून विचारलं.

"बाबा, उद्या वाजवताना... त्या जागी थांबायचं किती?"

बाबा वळले. उतरून आले होते त्या पायऱ्यांकडे त्यांनी वरपर्यंत पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"मागचं माणूस येईपर्यंत," ते म्हणाले.